खांदा दुखावलेला असताना रोज चालायला सुरुवात कशी करावी

खांद्याला मार लागला की सगळं लक्ष हाताकडे जातं. हात कसा ठेवायचा, झोपायचं कसं, शर्ट घालायचा कसा, यातच दिवस सरतो. या गडबडीत पाय मात्र विनाकारण बसून राहतात. दोन-तीन आठवडे खुर्चीत काढले की जिना चढताना धाप लागते, रात्री झोप लागत नाही, काही वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, मान आणि पाठ आखडते. यातल्या बऱ्याच तक्रारींवर रोजचं चालणं हा साधा आणि चांगला उपाय आहे.

मात्र एक हात बांधलेला असताना चालणं हे नेहमीचं चालणं नव्हे. डावा पाय पुढे पडतो तेव्हा उजवा हात पुढे येतो, उजवा पाय पडतो तेव्हा डावा. या झुल्यामुळे कमरेवरचं अंग पायांच्या उलट वळत राहतं आणि तोल सांभाळला जातो. एक हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या झोळीत, गेला की हे गणित बिघडतं. आणि खरा धोका खांदा थकण्याचा नसून पडण्याचा असतो. अडखळल्यावर माणूस नकळत दोन्ही हात पुढे टाकतो. स्लिंगमधला हात अडकून राहिला तर अंग थेट दुखऱ्या खांद्यावर आदळतं. तो झटक्याने बाहेर आला तर जुळत आलेलं हाड किंवा शिवलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) त्या एका झटक्यात पुन्हा सुटू शकते. म्हणून खालची जवळजवळ सगळी तयारी एका गोष्टीसाठी आहे: चालताना चांगला हात पूर्ण रिकामा हवा.

डॉक्टरांना आधी काय विचारायचं

खांद्याची सगळी दुखणी एका जातीची नसतात, त्यामुळे ओळखीतल्या कुणाचं वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही. निखळलेला खांदा बसवल्यावर साधारण १ ते ३ आठवडे हात गळ्यात ठेवतात. हासळीचं हाड मोडलं असेल तर २ ते ६ आठवडे. फाटलेली कंडरा शस्त्रक्रिया करून शिवली असेल तर बहुधा ४ ते ६ आठवडे, आणि त्या काळात तो हात स्वतःच्या ताकदीने उचलायलाही मनाई असते. याउलट खांदा नुसता आखडला असेल, म्हणजे फ्रोझन शोल्डर असेल, तर सहसा स्लिंग लागत नाही. तिथे हात मोकळा सोडून चालणंच बरं.

त्यामुळे विचारायचं ते हे: चालताना स्लिंग सतत हवी का? ती किती आठवडे? कोपर, मनगट आणि बोटं हलवायची परवानगी आहे का? माझ्या गोळ्यांपैकी कुठल्या गोळीने गुंगी किंवा चक्कर येते? शेवटचा प्रश्न बहुतेकांचा राहून जातो. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर गोळी चढलेली असताना बाहेर पडू नये. घरातल्या घरात, कुणी सोबत असताना, फेऱ्या माराव्यात.

शस्त्रक्रियेसाठी खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केला असेल तर तो साधारण १२ ते २४ तास आपला वाटत नाही. या काळात श्वास किंचित अपुरा पडल्यासारखाही वाटू शकतो, कारण त्या औषधाचा परिणाम छातीखालच्या पडद्याच्या नसेपर्यंत पोहोचतो. हाताला पूर्ण जाण येईपर्यंत चालणं म्हणजे पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत, आणि तेही सोबतीने.

आधीच पडलात कशामुळे?

पडल्यामुळे खांदा मोडला असेल तर हा प्रश्न चालण्याच्या आधी सोडवा, कारण पडण्याचं कारण अजून घरातच असू शकतं. रात्रीच्या अंधारात पाय गालिच्यात अडकला होता का? रक्तदाबाच्या गोळीनंतर झटकन उठल्यावर भोवळ आली होती का? चष्म्याचा नंबर बदलला आहे का? चपलेचा तळ झिजून गुळगुळीत झाला आहे का? साठीच्या पुढच्या माणसाचं हाड साध्या, उभ्या उंचीवरून पडण्याने मोडलं असेल तर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी डॉक्टरांना आवर्जून विचारावी. कारण शोधल्याशिवाय रोज अर्धा तास चालायला निघणं म्हणजे तीच परिस्थिती रोज पुन्हा उभी करणं.

स्लिंग नीट बसली आहे का

हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतं. ६० किलोच्या माणसाचा हात म्हणजे ३ किलोचं ओझं. बसल्यावर हे ओझं मांडीवर किंवा उशीवर टेकतं. उभं राहून चालायला लागलं की सगळं पट्ट्यावर येतं आणि पट्टा ते मानेवर टाकतो. घरात बसून ठीक वाटणारी स्लिंग चालताना दहाव्या मिनिटाला मानेत कळ आणते ती यामुळे.

आरशासमोर उभं राहून तपासा. कोपर पिशवीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात टेकलेलं हवं. कोपरामागे दोन बोटं जातील एवढी पोकळी असेल तर प्रत्येक पावलाला हात मागेपुढे घसरतो. कोपर काटकोनात, आणि मनगट कोपरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर. मनगट खाली गेलं की चालून आल्यावर बोटं सुजतात. अंगठ्या, बांगड्या पहिल्याच दिवशी काढून ठेवा, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. पिशवीची कड करंगळीच्या मुळापर्यंत यायला हवी. ती मनगटावरच संपली तर पंजा कडेवरून खाली लोंबतो आणि मनगट दुखायला लागतं.

आता खांदे बघा. दुखरा खांदा कानाकडे उचललेला दिसला तर पट्टा जास्त ओढला आहे. खाली ओघळलेला दिसला तर सैल आहे. पट्टा मानेच्या मागच्या हाडावर चढू देऊ नका. तो दुसऱ्या बाजूच्या खांद्याच्या मांसल भागावर बसवा आणि खाली मऊ सुती कापडाची घडी ठेवा. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे टपली बसली की झिणझिण्या येतात, तिथे शिवण किंवा बक्कल टोचत नाही ना, हेही बघा. तिथली नस दाबली गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं.

दोन प्रकार वेगळे आहेत. दंडाचं हाड मोडलं असताना कधीकधी फक्त मनगट गळ्यात अडकवलेलं असतं आणि कोपर मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं, कारण हाताच्या वजनाने हाड सरळ ओढलं जावं अशी त्यामागची योजना असते. तिथे ‘आधार नाही’ म्हणून स्वतःहून कोपराखाली पिशवी लावू नका. कंडरा शिवल्यावर काहींना कमरेजवळ जाड उशी असलेली स्लिंग देतात. ही उशी त्या बाजूची जमीन डोळ्यांआड करते आणि अंगाची रुंदीही वाढवते. दारातून, खुर्च्यांमधून जाताना ती आधी आपटते. अशा स्लिंगमध्ये पहिले तीन-चार दिवस घराबाहेर न पडलेलंच चांगलं.

कपडे, पादत्राणं आणि खिसे

पुढून बटणं किंवा झिप असलेले सैल कपडे घ्या. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काखेत घाम साचून कातडी पांढुरकी, मऊ पडते आणि मग सोलवटते. तिथे पातळ सुती कापड ठेवा आणि चालून आल्यावर बदला.

पादत्राणं मागून बंद हवीत, वेल्क्रोची किंवा ताणणाऱ्या नाडीची. एका हाताने बांधलेली साधी नाडी दहा मिनिटांत सुटते, आणि सुटलेली नाडी हे पडण्याचं ठरलेलं निमित्त. उघड्या टाचेची चप्पल नको, कारण ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात आणि पाऊल घासत पडतं.

फोन, किल्ली आणि ओळखपत्र कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये ठेवा. पाठीवरची सॅक नको, आडवा पट्टा असलेली पिशवीही नको. पाण्याची बाटली हातात धरू नका. निघण्याआधी प्या, आल्यावर प्या. छत्रीनेही हात अडकतो, म्हणून पाऊस असेल तर त्या दिवसाच्या फेऱ्या घरात. कुत्र्याला फिरवायचं काम काही आठवडे दुसऱ्या कुणाला द्या. त्याने एकदा झटका दिला की अख्खं अंग फिरतं, साखळी चांगल्या हातात असली तरी.

घरातली तालीम

बाहेर पडण्याआधी एकदा हे करून बघा.

१. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठा आणि मिनिटभर उभं राहा. भोवळ आली तर बसा. आज बाहेर जायचं नाही.

२. चांगला हात भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून एका पायावर १० सेकंद उभं राहा, मग दुसऱ्या. दोन्ही पायांवर जमत नसेल तर सोबतीशिवाय निघू नका.

३. ५ मिनिटं घरात फेऱ्या मारा. वळताना एका पायावर गिरकी घेऊ नका. चार-पाच छोटी पावलं टाकत वळा. तोल जातो तो बहुधा वळताना.

आधीपासून काठी वापरत असाल तर ती चांगल्या हातात चालेल. अशा वेळी हात रिकामा ठेवण्याचा नियम मोडलेला बरा. दोन्ही हातांनी धरायचा वॉकर मात्र दुखऱ्या हातावर भार द्यायची परवानगी मिळेपर्यंत बंद. त्याऐवजी काय वापरायचं ते फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्ष बघून ठरवतील.

रस्ता कसा निवडायचा

सपाट, कोरडा, उजेडाचा आणि बसायला जागा असलेला. सरळ लांब जाऊन परत येण्यापेक्षा घराभोवतीचा छोटा फेरा बरा. वीस मिनिटं लांब गेल्यावर खांदा ठणकायला लागला तर परतीची वीस मिनिटंही चालावीच लागतात. पहिले दोन आठवडे घरापासून पाच मिनिटांपेक्षा लांब जाऊ नका.

एकटे असाल तर दुखरी बाजू भिंतीकडे किंवा कुंपणाकडे ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्याचा धक्का तिथे लागत नाही. सोबत कुणी असेल तर ती व्यक्ती दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे. तिला आधीच सांगून ठेवा: मी अडखळलो तर हा हात धरू नकोस, कमरेला धर. आपलं माणूस घाबरून सगळ्यात आधी जवळचा हात पकडतं, आणि जवळचा हात म्हणजे नेमका दुखरा.

जिन्याची एक गोष्ट घरातून निघण्याआधीच ध्यानात यायला हवी. कठडा एकाच बाजूला असेल तर चढताना जो चांगल्या हाताशी येतो तो उतरताना दुखऱ्या हाताशी असतो. चढून गेल्यावर वर अडकल्यासारखं होतं. अशा जिन्यावर उतरताना एकेक पायरी घ्या, दोन्ही पावलं एका पायरीवर आणा, भिंत असेल तर चांगला तळवा भिंतीवर ठेवा आणि कुणाला तरी एक पायरी खाली, समोर उभं राहायला सांगा. उतार असलेला रस्ता किंवा लिफ्ट असेल तर जिना टाळाच.

ट्रेडमिल आम्ही सुचवत नाही. पट्टा आपल्या गतीने चालत नाही, दांडी धरायला एकच हात असतो, आणि तो एका बाजूला धरला की अंग वाकडं होतं.

चालताना

नजर जमिनीवर खिळवू नका. तीन-चार मीटर पुढे ठेवा. पावलं नेहमीपेक्षा जरा आखूड, दोन पावलांमधली रुंदी किंचित जास्त. चांगला हात सहज झुलू द्या. वेग एवढा की पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

मन हाताकडे लागलं की खांदा हळूहळू कानाकडे चढतो आणि मान त्या बाजूला कलते, चालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी लांब श्वास सोडा आणि सोडताना दोन्ही खांदे खाली पडू द्या. ओढून खाली न्यायचे नाहीत. परवानगी असेल तर दर पाच मिनिटांनी स्लिंगमधल्या हाताची मूठ १० वेळा वळा आणि उघडा. बोटांची सूज त्याने उतरते. मागून वाहन येतंय का बघताना नुसती मान वळवू नका, थांबा आणि अख्खं अंग वळवा. इअरफोन नकोत.

किती आणि केव्हा वाढवायचं

पहिला आठवडा: ५ ते १० मिनिटांची फेरी, दिवसातून दोन-तीनदा. एकाच वेळी अर्धा तास चालण्यापेक्षा हे खांद्याला सोसतं, कारण मानेवरचं ओझं मध्ये उतरतं. त्यानंतर दर तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत २-३ मिनिटं वाढवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सलग २० मिनिटं जमायला लागतात. पोहोचायचं आहे ते आठवड्यातून पाच दिवस रोज ३० मिनिटांपर्यंत. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटना सुचवते ती आठवड्याची किमान १५० मिनिटं यात भरतात. आधी मिनिटं वाढवा, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात दोन्ही वाढवलं आणि खांदा दुखला, तर कशाने दुखला ते कळत नाही.

वाढवायचं की थांबायचं हे अंदाजाने ठरवू नका. निघताना दुखणं ० ते १० मध्ये किती आहे ते मनात धरा. चालताना ते २ अंकांपर्यंत वाढलं आणि घरी येऊन तासा-दोन तासांत मूळ जागी आलं, तर ठीक चाललं आहे. त्याहून जास्त वाढलं, किंवा रात्री नेहमीपेक्षा जास्त ठणकलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच राहिलं, तर मागच्या पायरीवर या आणि तिथे तीन दिवस थांबा. दुखणं दाबायला गोळी घेऊन चालण्याची वेळ वाढवू नका. गोळीने खांदा शांत होतो, पण त्याच्यावर पडणारा ताण तेवढाच राहतो.

काय बिघडतं आणि का

मान आणि दुसरा खांदा दुखणं ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. दहापैकी नऊ वेळा दोष पट्ट्याचा, असं धरूनच आधी आरसा गाठावा. पट्टा ठीक असेल तर फेरी अर्धी करा आणि फेऱ्या दुप्पट.

बोटं सुजणं: मनगट कोपराखाली गेलं आहे, किंवा मूठ उघडझाप राहून गेली आहे. घरी आल्यावर आडवं होऊन हात उशांवर, छातीच्या उंचीला, वीस मिनिटं ठेवा.

कोपर आखडणं: परवानगी असूनही दिवसभर हात स्लिंगबाहेर काढलाच नाही की हे होतं. चालून आल्यावर बसून, दंड अंगाला टेकवून, कोपर हळूहळू १० वेळा सरळ करा आणि वाकवा. चालण्याच्या वेळेलाच हा व्यायाम जोडला की तो चुकत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक गळून गेल्यासारखं वाटलं तर झोप तपासा. खांदा दुखावलेला माणूस रात्री तीनदा उठतो. पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपणं बहुतेकांना सोसतं. झोप झालेली नसेल त्या दिवशी फक्त घरात चाला. पेंगुळलेला माणूस अडखळतो.

लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा

बोटं निळी, पांढरी किंवा गार पडणं. बधिरपणा वाढत जाणं. खांद्यात ‘कट्’ असा आवाज होऊन ताकद एकदम जाणं. खांद्याचा आकार बदललेला दिसणं. जखमेतून पू किंवा पाणी येणं, ताप येणं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. अचानक दम लागणं. पडलात तर, दुखलं नाही तरी, कळवा.

आणि एक स्वतंत्रपणे. चालायला लागल्यावर खांद्यात, दंडात किंवा जबड्यात दाब येतो, घाम फुटतो, आणि थांबल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर ते दुखापतीच्या खात्यात टाकू नका. ते हृदयाचं लक्षण असू शकतं. तिथेच बसा आणि तातडीची मदत बोलवा.

स्लिंग सुटल्यावर

डॉक्टरांनी स्लिंग काढायला सांगितली तरी पहिल्या दिवशी पूर्ण फेरी हात मोकळा सोडून करू नका. तीन-चार किलोचं ओझं इतके दिवस पट्ट्याने पेललं होतं, ते आता थकलेल्या स्नायूंवर येतं आणि खांद्यात ओढल्यासारखं दुखतं. पहिली ५ मिनिटं हात मोकळा, उरलेला वेळ अंगठा खिशात किंवा पँटच्या पट्ट्यात अडकवलेला. दर दोन दिवसांनी मोकळा वेळ ५ मिनिटांनी वाढवा. अजून गर्दीतून जायचं असेल तर तेवढ्यापुरती स्लिंग घाला. ती लोकांना लांबून दिसते आणि लोक वाट देतात.

बरेच आठवडे बांधलेला हात झुलायचं विसरलेला असतो. तो पोटाशी धरूनच माणूस चालत राहतो. आरशात, किंवा काचेच्या दारात, स्वतःला येताना बघा. हात मुद्दाम हलवायचा नाही. कोपर सैल सोडायचं, तळवा मांडीकडे, आणि पावलाच्या लयीत वीतभर झुलेल तेवढा झुलू द्यायचा. दोन्ही हातांचा झुला सारखा दिसायला काही आठवडे लागतात. तोवर हातात वजनं घेऊन चालणं नको, आणि सामानाची पिशवी चांगल्या हातात किंवा चाकांच्या गाडीत.